चूक बोटांची की बटणांची?

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या दवाखान्यातील संभाषणाचा विषय बदलतो. ताप-खोकल्याची चौकशी आटोपते, औषधाची चिठ्ठी हाती पडते, तरी पालक खुर्चीवरून उठत नाहीत. ‘डॉक्टर, मुलीला अमुक शाखेला जायचे आहे, तुमचे काय मत?’ हा प्रश्न मग हळूच पुढे येतो. अलीकडे या प्रश्नांत एका नव्या विषयाचे नाव कानी पडू लागले आहे: ‘ह्युमन-कॉम्प्युटर इंटरॅक्शन’, संक्षेपाने ‘एचसीआय’. मराठीत त्यास मानव-संगणक आंतरक्रिया म्हणता येईल. नाव उच्चारून झाले की पालकांच्या चेहऱ्यावर काळजी दिसते. हे इंजिनिअरिंग आहे का? चित्रकला आहे का? पुढे पोट भरेल का?

त्याच खुर्चीवर बसून घरातील ज्येष्ठ माणसे निराळेच वाक्य उच्चारतात. ‘मला यातले काही कळत नाही हो. आता आमचे वय झाले.’ हे वाक्य कधी मोबाइलविषयी असते, कधी बँकेच्या अॅपविषयी, तर कधी घरी आणलेल्या साखर तपासणीच्या यंत्राविषयी. पालकांचा प्रश्न आणि आजी-आजोबांचे हे वाक्य यांचा परस्परांशी निकटचा संबंध आहे, आणि तो कुटुंबाच्या आरोग्याशी जाऊन भिडतो. म्हणून या सदरात आज या विद्याशाखेचा परिचय करून घेऊ.

यंत्र ‘हाय’ म्हणते तेव्हा

आरंभ घरातील कपाटापासून करू. मधुमेह असलेल्या घरात आज ग्लुकोमीटर असतोच. रक्तातील साखर यंत्राच्या मोजमापाच्या वर गेली, म्हणजे बहुतेक यंत्रांत ६०० मिलिग्रॅमच्या पुढे गेली, की पडद्यावर आकडा न येता इंग्रजीत ‘हाय’ अशी दोन अक्षरे उमटतात. साखर फारच खाली गेली तर ‘लो’ उमटते. ज्याला इंग्रजी येते, तोही क्षणभर गोंधळतो. कारण ‘हाय’ हा आपल्याकडे मुलांनी एकमेकांना घालावयाचा नमस्कार झाला आहे. ज्याला इंग्रजी येत नाही त्याला यंत्र बिघडले असे वाटते आणि तो यंत्र डबीत ठेवून देतो. वास्तविक त्या दोन अक्षरांचा अर्थ असा की, या रुग्णाला तातडीने वैद्यकीय मदत हवी आहे.

भाईंदरच्या एका कुटुंबातील आजींची हकीकत सांगतो. त्यांच्या साखरेच्या वहीत दोन महिने रोज नीटनेटके आकडे होते, सारेच १२० ते १४०च्या दरम्यान. प्रयोगशाळेतील तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी मात्र अगदी वेगळे सांगत होती. नातीने विश्वासात घेऊन विचारल्यावर उलगडा झाला. यंत्र वारंवार एक खूण दाखवून बंद पडत होते. आजींना त्या खुणेचा अर्थ लागत नव्हता, आणि सुनेला रोज रोज विचारून त्रास द्यावा असे त्यांना वाटत नव्हते. म्हणून त्यांनी मनानेच आकडे लिहिण्यास सुरुवात केली. बारावीतील ती नात दुसऱ्या दिवशी सकाळी आजींशेजारी बसली. तिने काही शिकवले नाही, फक्त पाहिले. पट्टीला रक्त लावण्याची खूण पडद्यावर येण्यापूर्वीच आजी थेंब लावत होत्या, कारण ती बारीक, फिकट खूण त्यांना दिसतच नव्हती. नातीने यंत्र खिडकीच्या उजेडात ठेवले आणि ‘टुक्’ असा आवाज झाल्यावर मगच थेंब लावायचा, इतकेच सांगितले. वही पुन्हा खरी झाली, आणि त्या आकड्यांवरून औषधे बदलता आली.

या प्रसंगात आजींचे अज्ञान किती आणि यंत्राच्या रचनेतील दोष किती, याचा विचार करून पाहा. मानव-संगणक आंतरक्रिया ही विद्या नेमका हाच विचार शिस्तीने करते. माणूस यंत्राशी कसा वागतो, कोठे अडतो, का अडतो, आणि तो अडू नये म्हणून यंत्र कसे घडवावे, हा तिचा विषय. ‘मला कळत नाही’ हे वाक्य या विद्येच्या दृष्टीने रुग्णाने सांगितलेले लक्षण आहे. त्याचे निदान पुष्कळदा यंत्रात सापडते.

वैमानिकांची चूक

या विचाराची मुळे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आहेत. अमेरिकेची बी-१७ ही बॉम्बफेकी विमाने सुखरूप उतरल्यावर धावपट्टीवरच पोटावर आदळत असत. चौकशीत ‘वैमानिकाची चूक’ असा शेरा पडे. अल्फॉन्स चपानिस या तरुण मानसशास्त्रज्ञाने विमानाच्या आत बसून पाहिले. पंखांवरील झडपा मिटण्याची कळ आणि चाके मिटण्याची कळ शेजारी-शेजारी होत्या, आणि दिसायला व हाताला अगदी सारख्या होत्या. थकलेला वैमानिक झडपा मिटायला जाई आणि चाके मिटे. चपानिसने चाकांच्या कळीला छोटे रबरी चाक बसवले आणि झडपांच्या कळीला पाचरीसारखा आकार दिला. अंधारातही हाताला फरक कळू लागला आणि तो अपघात थांबला. विमानांतील या कळींचे आकार आजही याच तत्त्वावर ठेवले जातात. वैमानिक तेच होते, बदलली ती कळ.

संगणक कार्यालयांत आणि घरांत येऊ लागले तेव्हा हीच दृष्टी त्यांच्याकडे वळली. मार्च १९८२मध्ये अमेरिकेतील गेथर्सबर्ग येथे या विषयावरील पहिली मोठी परिषद भरली. १९८३ साली कार्ड, मोरान आणि न्यूएल या तिघांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्याच्या शीर्षकातील ‘ह्युमन-कॉम्प्युटर इंटरॅक्शन’ हे नाव या विद्याशाखेस रूढ झाले.

त्यानंतर थोड्याच काळात वैद्यकाला या विद्येची गरज फार कठोर रीतीने कळली. ‘थेरॅक-२५’ हे कर्करोगावर किरणोपचार करणारे, संगणकाने चालणारे यंत्र अमेरिका व कॅनडातील रुग्णालयांत होते. १९८५ ते १९८७ या काळात त्याने सहा रुग्णांना कितीतरी पट अधिक किरणोत्सर्ग दिला. त्यांतील काही जण दगावले. संगणकाच्या आज्ञावलीत दोष होता आणि आधीच्या यंत्रांतील सुरक्षेचे यांत्रिक अडसर या नमुन्यात काढून टाकले होते. परंतु आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. यंत्र बिघडल्यावर पडद्यावर ‘मालफंक्शन ५४’ एवढेच येई. त्याचा अर्थ चालवणाऱ्याला उमगण्याजोगा नव्हता. एरवीही ते यंत्र किरकोळ कारणांनी दिवसातून अनेकदा थांबत असे आणि एक कळ दाबली की पुन्हा चालू होत असे. त्यामुळे थांबले की कळ दाबायची, ही सवय हाताला लागून गेली होती. १९९३मध्ये नॅन्सी लेव्हसन व क्लार्क टर्नर यांनी या अपघातांची सविस्तर चिकित्सा प्रसिद्ध केली. ती आजही या विषयाच्या विद्यार्थ्यांना अभ्यासावी लागते. ज्या यंत्राची सूचना माणसाला समजत नाही, त्या यंत्राने सूचना दिलीच नाही असे मानावे, हा तिचा धडा.

पवईला काय शिकवतात?

आपल्या मीरा-भाईंदरहून हे शिक्षण फार दूर नाही. लोकलने जोगेश्वरी किंवा अंधेरी गाठावी, तेथून जोडरस्त्याने पवई. आयआयटी मुंबईच्या आवारात १९६९ साली ‘इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर’ स्थापन झाले. आज ते ‘आयडीसी स्कूल ऑफ डिझाइन’ या नावाने ओळखले जाते. येथे ‘इंटरॅक्शन डिझाइन’ या विषयात दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. त्यासाठी पदवीनंतर ‘सीड’ ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. बारावीनंतर ‘यूसीड’ ही परीक्षा देऊन डिझाइनच्या पदवी अभ्यासक्रमाला प्रवेश घेता येतो. ही परीक्षा २०१५पासून होते, आणि तिला विज्ञानाप्रमाणेच वाणिज्य व कला शाखेचे विद्यार्थीही बसू शकतात. निरीक्षण, तर्क, आकृतींची जाण आणि हाताने रेखाटन करण्याची तयारी यांची तेथे कसोटी लागते. अहमदाबादला १९६१मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय डिझाइन संस्था आणि आयआयटी गुवाहाटीचा डिझाइन विभाग येथेही या वाटेने जाता येते. संगणकशास्त्राकडून किंवा मानसशास्त्राकडून या विषयात येणारेही असतात. पात्रतेचे नियम दरवर्षी संस्थेच्या माहितीपत्रकात नीट वाचून घ्यावेत, शेजाऱ्यांच्या सांगण्यावर विसंबू नये.

वर्गात काय चालते, हे कळले की आम्हा डॉक्टरांना हा विषय परका वाटत नाही. विद्यार्थी आधी संगणकापुढे बसत नाही. तो माणसाकडे जातो. रिक्षाचालक, परिचारिका, किराणा दुकानदार, शेतकरी, ज्याच्यासाठी काही घडवायचे त्याच्या कामाच्या जागी जाऊन बसायचे आणि त्यालाच गुरू मानून त्याचे काम पाहायचे, अशी एक मान्य पद्धत या शास्त्रात आहे. ‘तुम्हाला काय हवे?’ असे विचारण्यापेक्षा ‘हे काम तुम्ही कसे करता ते करून दाखवा’ असे म्हणण्यावर भर असतो. आम्ही रुग्णाचा पूर्वेतिहास घेतो आणि मग तपासतो, तसेच हे.

नंतर निरीक्षणांची मांडणी होते, अडचणीचे मूळ शोधले जाते आणि कच्चा नमुना तयार होतो. पुष्कळदा तो साध्या कागदावर काढलेला असतो. तो खऱ्या माणसांच्या हाती देऊन, त्यांना मनातले विचार मोठ्याने बोलायला सांगून, ते कोठे अडखळतात ते टिपले जाते. नमुना बदलतो, पुन्हा चाचणी होते. एखादी वस्तू वापरण्यास योग्य आहे की नाही हे ठरवण्याची आंतरराष्ट्रीय मानकानुसार तीन मापे आहेत: काम पूर्ण होते का, किती श्रमांत होते, आणि करणाऱ्याला समाधान वाटते का. औषधोपचारालाही हीच तीन मापे लावली, तर रुग्णांचे किती भले होईल!

या अभ्यासात शरीरशास्त्र आणि मानसशास्त्र पदोपदी येते. पॉल फिट्स यांनी १९५४मध्ये दाखवून दिले की लक्ष्य जितके लहान आणि दूर, तितका तेथे हात नेमका पोचायला वेळ अधिक लागतो. हाताला कंप असलेल्या आजोबांना मोबाइलवरील बारीक फुली का दाबता येत नाही, याचे उत्तर त्यात आहे. चाळिशीनंतर जवळचे धूसर दिसू लागते. पुढे डोळ्यांतील भिंग पिवळसर होते आणि फिकट रंगांतील भेद मावळतो. अशा डोळ्यांपुढे पांढऱ्यावर करड्या रंगाची अक्षरे ठेवणे म्हणजे त्यांना वाचू नका असे सांगणेच होय.

स्मरणाचेही असेच आहे. मुख्य काम उरकले की मागे राहिलेली छोटी कृती मन सोडून देते. दूध उतरवल्यावर गॅसचे बटण बंद करायचे राहते, ते यामुळेच. एटीएममधून पैसे आधी आणि कार्ड नंतर मिळू लागले, तर लोक कार्ड विसरून जातात. म्हणून अनेक यंत्रे आधी कार्ड परत देतात, मगच पैसे. ‘कार्ड विसरू नका’ अशी पाटी लावण्यापेक्षा हा उपाय कितीतरी शहाणपणाचा आहे.

आपल्या भाषेत, आपल्या माणसांसाठी

हे सारे परदेशी वाटू नये म्हणून जवळची काही उदाहरणे देतो. संगणकावर देवनागरी लिहिताना ‘मंगल’ हा टंक आपल्यापैकी अनेकांनी वापरला असेल. त्याची अक्षरे रेखाटली सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी. ते आयडीसीमध्ये अध्यापक होते. २००८ साली त्यांचे निधन झाले, पण पडद्यावरील मराठीच्या वळणात त्यांचा हात आजही दिसतो.

त्याच संस्थेतील प्राध्यापक अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय लिप्यांसाठी ‘स्वरचक्र’ हा मोबाइलवरील कळफलक तयार केला. २०१३मध्ये तो लोकांसाठी विनामूल्य खुला झाला. त्याची कल्पना मराठी शाळेत शिकलेल्या कोणालाही चटकन उमगते. व्यंजने वर्णमालेच्या क्रमाने मांडलेली असतात: क, ख, ग, घ. ‘क’वर बोट ठेवले की त्याभोवती बाराखडीचे चक्र उमलते आणि हव्या त्या मात्रेकडे बोट सरकवले की अक्षर पूर्ण होते. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिण्याची कसरत करावी लागत नाही. माणसाला जे आधीपासून येते, त्यावरच यंत्राची रचना उभारावी, हे या विद्येतील सूत्र येथे प्रत्यक्षात आलेले दिसते.

याच गटाचे वैद्यकाशी संबंधित एक काम मला विशेष मोलाचे वाटते. एचआयव्हीबाधित व्यक्तींनी रोजची गोळी चुकवू नये, यासाठी डॉक्टरांच्या सहकार्याने त्यांनी दूरध्वनीवरून बोलणारी एक व्यवस्था उभारली आणि दवाखान्यांतील रुग्णांसह तिची चाचणी घेतली. तिचे नाव ‘तमा’. ती रुग्णाला फोन करी, गोळीची आठवण देई, आरोग्याची माहिती सांगे. वाचता येण्याची अट नव्हती, महागड्या फोनचीही नव्हती. २०१४मध्ये या क्षेत्रातील प्रमुख आंतरराष्ट्रीय परिषदेत हे काम सादर झाले. अशा आजारात फोन घरातील दुसऱ्याच कोणी उचलला तर काय, हा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही. रुग्णाची गुप्तता, लाज, संसार, सारे त्यात गुंतलेले असते. त्याचा विचार आधी करावा लागतो, संगणकाची आज्ञावली त्यानंतर. आणि ज्या पवईत हे काम झाले, तेथेच सप्टेंबर २०१७मध्ये ‘इंटरॅक्ट’ ही या विषयाची जागतिक परिषद भरली होती.

आणखी एक उदाहरण निवृत्तिवेतनधारकांच्या घरचे. हयातीचा दाखला घरबसल्या देता यावा म्हणून केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१४मध्ये ‘जीवन प्रमाण’ ही सोय आणली. ओळख पटवायची ती बोटांच्या ठशांनी किंवा बुबुळांनी. पण वयाबरोबर बोटांची त्वचा कोरडी होते, रेषा पुसट होतात. आपल्या भाईंदरमध्ये स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यांत जन्मभर पॉलिशचे काम केलेले किंवा उत्तनला जाळी ओढलेले हात पाहा. त्यांवर रेषा शोधाव्या लागतात. ‘तुमचे ठसे जुळत नाहीत’ हे वाक्य अशा माणसाला, तुमचे अस्तित्वच जुळत नाही, असे ऐकू येते. नोव्हेंबर २०२१मध्ये चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आली आणि अनेकांची ही अडचण कमी झाली. बोटे तीच राहिली. व्यवस्थेने आपला हट्ट सोडला.

उलटही घडते. १ मे २०२१ रोजी १८ ते ४४ वयोगटाचे कोविड लसीकरण सुरू झाले, तेव्हा त्यांना आधी संगणकावर किंवा मोबाइलवर नोंदणी करून वेळ घेणे सक्तीचे होते. ज्यांची बोटे चपळ आणि फोन वेगवान, त्यांना जागा मिळत. घरकाम करणाऱ्या, बांधकामावर राबणाऱ्या तरुणांच्या हाती काही लागत नसे. त्याच महिन्याच्या अखेरीस सरकारी केंद्रांवर प्रत्यक्ष नोंदणीची मुभा द्यावी लागली. पडद्याची रचना कोणाला आत घेते आणि कोणाला बाहेर ठेवते, हा सार्वजनिक आरोग्याचाच प्रश्न असतो.

या विद्येची दुसरी बाजू

पालकांनी एक गोष्ट जाणून घेतली पाहिजे. माणूस कोठे अडतो हे ज्याला कळते, त्याला माणूस कोठे गुंततो हेही कळते. बोटाने वर सरकवत राहावे आणि मजकूर कधी संपूच नये, ही युक्ती २००६मध्ये एझा रास्किन यांनी सोयीसाठी काढली. पुढे तिचे जे झाले त्याबद्दल त्यांनी स्वतःच जाहीर खंत व्यक्त केली आहे. रात्री दोनपर्यंत जागणारी आणि सकाळी डोके दुखते म्हणून आमच्याकडे येणारी मुले आळशी आहेत असे मानून चालणार नाही. त्यांच्या बोटांपुढे थांबण्याची जागाच कोणी ठेवलेली नाही.

ग्राहकाला फसवणाऱ्या अशा रचनांना ‘डार्क पॅटर्न’ म्हणतात. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने त्यांचे १३ प्रकार सांगून त्यांना प्रतिबंध करणारी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. न मागितलेली वस्तू खरेदीत घुसवणे, ‘शेवटची दोनच शिल्लक’ अशी खोटी घाई दाखवणे, वर्गणी सुरू करणे सोपे आणि बंद करणे अशक्यप्राय ठेवणे, हे त्यांपैकी काही.

म्हणून या विषयाकडे निघालेल्या मुलाला ‘पगार किती?’ याबरोबरच आणखी एक प्रश्न विचारावा: शिकलेले तू कोणासाठी वापरशील? डॉक्टरच्या हाती विष आणि औषध एकाच कपाटात असते. या क्षेत्रातही तसेच आहे. उत्तर लगेच मिळणार नाही, परंतु प्रश्न घरातून गेलेला असला तर तो मुलाच्या सोबत राहतो.

पालकांसाठी थोडे

हा विषय कोणाला मानवेल? ज्याला दुसऱ्याचे ऐकून घेता येते, जो आजीला मोबाइल शिकवताना चिडत नाही, ज्याला ‘असे का?’ हा प्रश्न पडतो आणि आपण केलेले काम चारचौघांनी मोडीत काढलेले सोसवते, अशा मुलाला. केवळ मोबाइल फार आवडतो, ही पात्रता पुरेशी नाही. गणिताची आणि आकडेशास्त्राची मुळीच भीती असेल, तर तीही तपासून घ्यावी, कारण चाचण्यांचे निष्कर्ष आकड्यांतच मांडावे लागतात.

घरात या निवडीवरून वाद झाला, तर तो जेवणाच्या ताटावर नेऊ नये. परीक्षा आणि प्रवेशाच्या दिवसांत पोटदुखी, झोप न लागणे, भूक मंदावणे या तक्रारी घेऊन येणाऱ्या मुलांना पुष्कळदा गोळीपेक्षा अर्धा तास शांतपणे ऐकून घेणारे आई-वडील हवे असतात. मूल सतत उदास राहू लागले, मित्र टाळू लागले किंवा जगण्याबद्दल निराशेचे बोलू लागले, तर वाट न पाहता डॉक्टरांना भेटावे.

अभ्यासक्रम सुरू झाल्यावर पडद्यापुढे बरेच तास जातात. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद दूरवर पाहणे, पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला ठेवणे, तासाभराने उठून चार पावले चालणे, या सवयी पहिल्या वर्षीच लावून घ्याव्यात.

आजपासून घरी करता येईल असे

पदवी न घेताही या विद्येचा लाभ आपल्या घरी होऊ शकतो.

ग्लुकोमीटर आणि रक्तदाबाच्या यंत्रावर येणाऱ्या खुणांचे अर्थ मोठ्या अक्षरांत मराठीत लिहून तो कागद यंत्राच्या डबीच्या झाकणावर चिकटवा. ‘हाय’ आले तर हात धुऊन पुन्हा तपासा आणि तेच आले तर त्याच तासात डॉक्टरांशी संपर्क साधा. उलट्या, धाप किंवा गुंगी असेल तर थेट रुग्णालयात जा. ‘लो’ आले आणि माणूस शुद्धीवर असेल तर लगेच तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा आणि डॉक्टरांना कळवा. शुद्ध हरपली असेल तर तोंडाने काहीही देऊ नका, ताबडतोब रुग्णालय गाठा.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी आज बाटली आणि सिरिंज शेजारी ठेवून पाहावी. आपल्याकडे बाटल्यांत सहसा दर मिलिलिटरला ४० युनिट इन्सुलिन असते. १०० युनिटचेही मिळते. ४०च्या सिरिंजचे टोपण तांबडे आणि १००च्या सिरिंजचे नारिंगी असते. हे दोन रंग संध्याकाळच्या उजेडात किती सारखे दिसतात! १०० युनिटचे इन्सुलिन चुकून ४०च्या सिरिंजने घेतले तर मात्रा अडीचपट होते आणि साखर जिवावर बेतेल इतकी उतरू शकते. बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा जुळवून पाहिल्याखेरीज सुई टोचू नये. घरात एकाच प्रकारची सिरिंज ठेवणे सर्वांत सुरक्षित.

ज्येष्ठांच्या फोनवर अक्षरे मोठी करा, मराठी भाषा निवडून द्या, नको असलेली अॅप्स काढून टाका आणि नेहमीचे चार-पाच क्रमांक पहिल्याच पडद्यावर ठेवा. शिकवताना फोन त्यांच्याच हातात असू द्या. आपण भरभर दाबून ‘बघा, किती सोपे आहे’ असे म्हटले की ते पुन्हा विचारत नाहीत. आणि न विचारण्याचा परिणाम काय होतो, हे आजींच्या वहीत आपण पाहिले.

शेवटी एवढीच विनंती. घरातील कोणी ‘मला जमत नाही’ म्हणाले, तर ‘तुम्ही नेमके काय केले ते पुन्हा करून दाखवा’ असे म्हणून दहा मिनिटे शेजारी बसावे. ज्या विद्येविषयी आपली मुले विचारत आहेत, तिचा पहिला धडा हाच आहे. आणि त्यासाठी प्रवेशपरीक्षा लागत नाही.